कप्पे

फहाहीलच्या या दुकानात
तिसऱ्यांदा आलोय आम्ही.
बाहेर एकोणपन्नास. गाडीच्या स्टिअरिंगला
ओला रुमाल गुंडाळून आलोय मी.
आत इतका गारठा की ऋजुता ओढणी पांघरते,
आधी पोटावर, उरली तर खांद्यावर.

भिंतभर बॅगा.
काळी, राखाडी, वाळूच्या रंगाची.
वाळूच्या रंगाची नको, ती म्हणते,
वाळू काय कमी पडलीय आपल्याला.

मी पट्टा ओढून बघतो, शिवण उलटी करून बघतो.
रिफायनरीत दिवसभर हेच करतो:
परांची, कडी, साखळी,
किती भार पेलेल ते कोरलेला
पत्र्याचा बिल्ला शोधत हिंडतो.
इथल्या बिल्ल्यावर एवढंच लिहिलंय:
धुताना पिळू नका.

नऊ कप्पे आहेत सर, मारिवेल सांगते.
हा डायपरचा. हा ओल्या कपड्यांचा, आतून रबर.
हा बाटलीचा, दूध चार तास गरम राहतं.
(कुवेतमध्ये गरम ठेवायला बॅग कशाला, मी म्हणतो.
कुणी हसत नाही.)
हा फोनचा, हा किल्ल्यांचा, हा पासपोर्टचा.
कुणाच्या?
बाळाच्या, सर.

तिची बोटं न बघता चालतात चेनवरून.
तुला मुलं? ऋजुता विचारते.
एक. सहा वर्षांचा. इलोइलोला, बहिणीकडे.
तू आलीस तेव्हा केवढा होता?
मारिवेल चेन लावते शेवटपर्यंत.
सात महिने, म्हणते. मग तीच चेन पुन्हा उघडून:
आणि हा कप्पा, मॅडम, चोखणीचा.

नावांची यादी आमची निम्मी झालीय.
अरबीत 'प' नाही. पल्लवीची बल्लवी होईल,
पार्थचा बार्थ. कापली सगळी.
आणि 'ळ' तर त्यांच्याकडे औषधालाही नाही.
म्हणजे रात्री दिवा मालवल्यावर
आम्ही त्याला ज्या नावानं हाक मारतो, नुसतं बाळ,
ते इथल्या कुठल्याच कागदावर
उमटायचं नाही.

आईच्या व्हिसाचं अजून काही कळत नाही.
अंबाजोगाईहून फोनवर तिनं
बॅगेचे फोटो पाहिले, म्हणाली,
शीशूच्या कपड्याला एवढी थोरली पेटी?
मग गप्प झाली. मग सांगत सुटली:
टाळूवर तेल जिरवायचं, थापायचं नाही.
पाणी कोपरानं बघायचं.
वेखंड उगाळताना दोनच वेढे, तिसरा नाही.
मी दुकानात उभा राहून मोजतोय:
दोन वेढे कुठल्या कप्प्यात,
कोपर कुठल्या.

राखाडीच घेतली शेवटी.
चौदा दिनार, साडेसातशे फिल्स.
मारिवेलनं आतला चुरगळलेला कागद काढला नाही,
असू द्या, म्हणाली, आकार राहतो.

रात्री ऋजुता कुशीवर झोपल्यावर
मी तो कागद काढून बॅगेत तांदूळ भरले,
साडेतीन किलो, तोलून.
पाण्याच्या दोन बाटल्या, जुनी चादर, टॉर्च.
छातीवर अडकवून पार्किंगपर्यंत गेलो
आणि परत आलो. पट्टा डावीकडे काचतो थोडा.
एक भोक सैल केलं.

लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे अबू हाझेम,
हातात खुब्जची पिशवी.
मुसाफिर? त्यांनी विचारलं, बॅगेकडे बोट करून.
मला अरबी तेवढंच येतं जेवढं गेटवर लागतं.
मी नाही, म्हटलं. दुसरं कुणीतरी. येतंय.
त्यांनी बॅगेवर हात ठेवला,
तांदूळ हलले आत,
आणि ते काहीतरी पुटपुटले, मजला येईपर्यंत.

घरी येऊन तांदूळ डब्यात परत ओतले.
झटकली, उलटी केली, तरी
चोखणीच्या कप्प्यात
चार-पाच दाणे राहिलेच शिवणीला धरून.
राहू दिले.